गाठ निघाली, पेशी आधीच निघून गेल्या

कोटाची कॉलर वर करा आणि हात खिशात घाला. व्हिएन्नात जानेवारी सरत आलाय आणि इथली थंडी आधी कानांच्या पाळ्यांना चावते. साल १८८१. तुम्ही आल्झर स्ट्रासेच्या कडेला उभे आहात. घोड्यांची ट्राम घंटा वाजवत येते आहे आणि रुळांमधल्या ताज्या लिदीतून वाफा निघताहेत, तेव्हा पाय जपून टाका. रस्त्यावरचं बर्फ चाकांखाली भरडून काळं झालंय. हवेत कोळशाचा धूर इतका, की जिभेवर त्याची चव येते. मधूनच एखाद्या कॉफीहाउसचं दार उघडतं, भाजलेल्या कॉफीचा आणि सिगारचा उबदार भपकारा तोंडावर येतो, दार मिटतं, की पुन्हा कोळसा.

आत शिरायचा मोह आवरा. आपल्याला समोरच्या कमानीतून जायचंय. हे आल्गेमाइनेस क्रांकेनहाउस, शहराचं मोठं सार्वजनिक रुग्णालय. एका चौकातून दुसऱ्या चौकात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, चालून पाय दुखतील. चौकांत उघडी बोडकी झाडं आहेत आणि मागच्या बाजूला वेड्यांसाठी बांधलेला तो जुना गोल बुरूज. याच आवारात चौतीस वर्षांपूर्वी सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर ‘हात धुवा’ म्हणून जीव तोडून सांगत होता. आता इथे हात धुतात. वॉर्डाचं दार ढकललंत की लगेच कळेल: कार्बोलिकचा डांबरट, तिखट वास नाकातून थेट कपाळात जातो. त्याच्याखाली इतर वास आहेतच. लोखंडी शेगडी, ओली लोकर, उकडलेली कोबी, आणि कुणाच्या तरी जखमेतला पू. थोड्या वेळाने नाक सरावतं. पहिली पाच मिनिटं तेवढी काढा.

त्या पलंगापाशी या. बाई त्रेचाळीस वर्षांची आहे, आठ मुलांची आई. चादरीखाली अंग असं उरलेलंच नाही. गेले काही आठवडे तिच्या पोटात अन्न ठरत नाही. खाल्लेलं सगळं उलटून पडतं. तग धरून आहे ती आंबट दुधावर, तेवढंच काय ते थोडंफार राहतं. जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथे, गाठ आहे. पोटाची कातडी इतकी पातळ झालीये की वरून हात ठेवला तर ती बोटांना लागते. तुमचा हात धरून कुणी तिथे नेला तर तुम्हीही ती ओळखाल: टणक, आणि बोटांनी ढकलली तर किंचित सरकणारी. सरकते ही चांगली गोष्ट, असं इथल्या डॉक्टरांना वाटतं. म्हणजे ती आजूबाजूला चिकटलेली नाही.

शस्त्रक्रियेआधी जठर रिकामं आणि स्वच्छ हवं. म्हणून नळी घालून १४ लिटर कोमट पाण्याने ते धुतात. नुसता आकडा ऐकून पुढे जाऊ नका, थोडा वेळ तिच्या उशाशी थांबा. घशातून उतरणारी रबरी नळी, बादलीत पडणारं पाणी, आधी गढूळ, मग कमी गढूळ, आणि प्रत्येक वेळी तिचे आवळलेले हात.

ऑपरेशनची खोली मुद्दाम गरम केलेली आहे. बाहेरच्या थंडीतून आलात, पाठीवर घाम फुटेल. उजेड खिडकीचा. तुम्हालाही हात कार्बोलिकच्या पाण्यात बुडवावे लागतील: आधी चरचर, मग बोटांची टोकं पांढरी आणि बधिर. हातमोजे अजून कुणी वापरत नाही, तोंडाला फडकं नाही. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास पसरायला लागला की एक पाऊल मागे सरका, नाही तर तुम्हालाच गरगरेल.

मधोमध उभा आहे तो भरघोस दाढीचा माणूस म्हणजे थिओडोर बिलरोथ. वय एक्कावन्न. संध्याकाळी हाच माणूस व्हायोला घेऊन बसतो, ब्राम्सचा जिवलग आहे, ब्राम्सने दोन स्ट्रिंग क्वार्टेट त्याला अर्पण केले आहेत. पण आत्ता त्याच्या मनात संगीत नाही. पॅरिसमध्ये पेआं या सर्जनने १८७९ मध्ये हेच करून पाहिलं, पुढच्या वर्षी रिडिगिअर या दुसऱ्या सर्जनने; दोघांचेही रुग्ण दगावले. बिलरोथच्या शिष्यांनी कुत्र्यांच्या जठराचे तुकडे काढून, उरलेलं जोडून, कुत्री जगतात हे दाखवलंय. जोडलेलं जठर आपल्याच पाचकरसात विरघळत नाही, एवढा भरवसा त्यांनी कमावला आहे. माणसाच्या बाबतीत तो खरा ठरतो का, हे आज कळायचंय.

पोटावर आडवा छेद. बोलणं थांबतं. चिमट्यांचे टकटक आवाज, स्पंज पिळल्याचा आवाज, आणि नाडी मोजणाऱ्याची पुटपुट, एवढंच. गाठ बाहेर येते तेव्हा आंबूस वास येतो. मोठ्या कडेने मोजलं तर १४ सेंटिमीटर जठर कापून निघालंय. मग उरलेलं जठर आणि आतड्याचं टोक यांना जोडणारी शिवण: कार्बोलिकमध्ये भिजवलेला रेशमी दोरा, पन्नासेक टाके, एकेक गाठ बोटांनी मारायची. मानेला रग लागते. सगळं मिळून साधारण दीड तास.

आणि बाई जगते! त्या रात्री उलटी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आंबट दूध देतात ते आत राहतं. सहाव्या दिवशी बिलरोथ व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकाला पत्र लिहितो आणि बातमी युरोपभर जाते. वॉर्डात त्या दिवशी तुम्ही असायलाच हवं. जिना चढणाऱ्या विद्यार्थ्यांची पावलंसुद्धा हलकी झालीत. काढलेला जठराचा तुकडा आजही व्हिएन्नाच्या संग्रहात बरणीत आहे. जठर कापून माणूस जगू शकतो, हे त्या दिवसापासून ठरलं, आणि त्यानंतर अशा शस्त्रक्रियेने जे जे जगले त्या सगळ्यांवर या बाईचं ऋण आहे असं मी मानतो.

चार महिन्यांनी ती गेली. शवविच्छेदनात जठर आणि आतड्याचा सांधा धड होता, टाके धरलेले होते. कॅन्सर यकृतात पोचला होता.

यकृतातच का, हे समजायला अवघड नाही. जठर आणि आतड्यांतून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, प्रतिहारी शिरेने आधी यकृतात जातं, कारण खाल्लेल्या अन्नाचा हिशेब तिथे व्हायचा असतो. त्याच वाटेने गाठीतून सुटलेली पेशीही जाते. पण तिथवर पोचणं सोपं नाही. पेशीला शेजारणींची पकड सोडवावी लागते, खालचा पडदा फोडावा लागतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरावं लागतं, प्रवाहात जिवंत राहावं लागतं, आणि परक्या अवयवात उतरून तिथे वाढायलाही जमावं लागतं. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ज्या थोड्या टिकतात त्याच माणसाचा जीव घेतात. जानेवारीच्या त्या खोलीत हा प्रवास बहुधा आधीच होऊन गेलेला होता आणि बोटांना लागणारी, सरकणारी गाठ त्याबद्दल काहीच सांगत नव्हती.

चला. अंगाला कार्बोलिक चिकटलंय ते राहू द्या, पुढच्या ठिकाणी त्याच्यावर फॉर्मलिन चढणार आहे.

लंडन, सिटी रोड, १९३० च्या आसपास. धुकं पिवळट आहे आणि त्यालाही कोळशाचीच चव. ट्रामचे लोखंडी आवाज, ओल्या रेनकोटांची गर्दी. सेंट मार्क्स हे छोटं रुग्णालय फक्त मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या आजारांसाठी. म्हणजे ज्या दुखण्याबद्दल माणसं घरातही तोंड उघडत नाहीत त्याच्यासाठी. बाहेर बसलेल्यांकडे पाहा. कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही.

तुम्ही मात्र प्रयोगशाळेत या. फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी येईल, पुसू नका, हात स्वच्छ नाहीत. कथबर्ट ड्यूक्स, शांत स्वभावाचा क्वेकर पॅथॉलॉजिस्ट, कापून काढलेलं गुदाशय उघडून फळीवर टाचण्यांनी पसरतोय. मग बोटं चरबीत जातात. चरबी पिवळी, गार, निसरडी. तिच्यात लसिकाग्रंथी शोधायच्या, मसुराएवढ्या, कधी त्याहूनही लहान. दिसत नाहीत, चिमटीत चुरडताना लागतात. तुम्ही करून पाहा: दहा मिनिटं काहीच हाती लागत नाही आणि मग एकदम एक कण बोटांतून सटकतो. तो धरायचा, कुठे सापडला ते चित्रात मांडायचं, कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. मग दुसरा. एका गाठीमागे दुपार जाते.

अशा दोनशे पंधरा रुग्णांच्या दुपारींमधून १९३२ मध्ये तीन अक्षरं निघाली. कॅन्सर आतड्याच्या भिंतीतच असेल तर ए. भिंत ओलांडून बाहेर गेला पण ग्रंथी कोऱ्या असतील तर बी. ग्रंथींत पोचला असेल तर सी. आतापर्यंत डॉक्टर गाठीचा आकार पाहून, रुग्णाचा चेहरा पाहून अंदाज करत. आता त्याच्या पुढच्या वर्षांबद्दल काही म्हणायला मोजलेला आधार मिळाला. आतड्याच्या कॅन्सरच्या टप्प्यांची आजची मोजणी त्याच चरबीत घातलेल्या बोटांच्या वंशातली.

पण ड्यूक्सच्या खोलीत थोडे जास्त दिवस राहिलात तर एक गोष्ट तुम्हाला छळू लागेल. बी अक्षराचे दोन रुग्ण. गाठ सारखी, खोली सारखी, ग्रंथी दोघांच्याही कोऱ्या. एक माणूस पुढे वीस वर्षं बागकाम करतो. दुसऱ्याचं यकृत दोन वर्षांत भरून जातं. फळीवर टाचलेलं मांस तसंच दिसतंय. फरक आहे, पण तो डोळ्यांच्या आणि बोटांच्या पलीकडे कुठेतरी आहे.

तो शोधायला अमेरिकेत जाऊ. मेरीलँडमधलं बेथेस्डा, १९८७ चा उन्हाळा. गाडीतून उतरताच कानांवर जो आवाज आदळतो तो यंत्राचा नाही. सतरा वर्षं जमिनीखाली राहिलेल्या सिकाडा कीटकांची फौज यंदा बाहेर आलीये, प्रत्येक झाडावर, फुटपाथवर, तुमच्या खांद्यावर. हवा दमट आणि जड, शर्ट पाठीला चिकटलेला. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची इमारत क्रमांक दहा. दार उघडलं की थंडगार वातानुकूलन अंगावर येतं, सिकाडांचा आवाज कापल्यासारखा तुटतो, आणि अंतहीन कॉरिडॉर.

प्रयोगशाळेत शिरा. पहिला वास बॅक्टेरियांचा, कोमट, कुबट, नाकात बसणारा. दुसरा फिनॉलचा, गोडसर वाटतो, पण थेंब हातावर पडला तर कातडी पांढरी पडून भाजते. उणे सत्तर अंशांचे फ्रीझर घरघरताहेत. कुठेतरी गायगर काउंटर टिकटिकतोय. तिकडे पाहा: किरणोत्सारी फॉस्फरस वापरणारी बाई जाड पारदर्शक ढालीआडून, हात लांब करून काम करतेय. काम संपलं की काउंटर आपल्या बाहीवरून, बुटांवरून फिरवते. तुमच्याही बुटांवरून फिरवेल. उभे राहा.

इथे लान्स लिओटाच्या विभागात पॅट्रिशिया स्टीग नावाची शास्त्रज्ञ आहे. तिचा प्रश्न ड्यूक्सच्याच फळीवरचा, पण उलट्या बाजूने धरलेला. एका उंदराच्या त्वचेच्या कॅन्सरमधून वेगवेगळ्या पेशींची कुळं काढलीत. सगळी त्याच गाठीची लेकरं. उंदरात टोचली तर गाठी सगळ्यांच्याच होतात. पण काही कुळं फुप्फुसभर पसरतात आणि काही जवळजवळ पसरतच नाहीत. वाढणं आणि पसरणं या दोन वेगळ्या करामती असतील, तर पसरू न देणारं एखादं जनुक न पसरणाऱ्या पेशींमध्ये जागं असेल आणि पसरणाऱ्यांत झोपलेलं. त्या काळात बहुतेक लोक कॅन्सर पेटवणारी जनुकं शोधत होते. विझवणाऱ्याच्या मागे लागणं, तेही गाठ न विझवता फक्त तिचं पसरणं विझवणाऱ्याच्या, याला धीर लागतो.

कसं शोधायचं? आता हात चालवा. अगारच्या बशीत जिवाणूंच्या वसाहती उगवल्या आहेत, राजगिऱ्याच्या दाण्यांसारख्या, आणि प्रत्येक दाण्यात पेशीच्या एकेका संदेशाची प्रत बसवलेली आहे. बशीवर नायट्रोसेल्युलोजचा कागदासारखा गोल अलगद टेकवायचा. हवेचा बुडबुडा अडकू द्यायचा नाही. उचलायचा, की दाण्यांचा ठसा त्यावर आला. अशाच दुसऱ्या गोलावर दुसरा, हुबेहूब. क्षाराने जिवाणू फोडायचे, गोल भट्टीत भाजायचे, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड गरम पट्टीने सील करायचं. पिशवीत किरणोत्सारी द्रव. एका पिशवीत न पसरणाऱ्या पेशींचे संदेश, दुसरीत पसरणाऱ्यांचे. रात्रभर कोमट पाण्याच्या टाकीत पिशव्या हलतात. सकाळी धुवायचं, पुन्हा धुवायचं, गोल क्ष-किरण फिल्मला लावून पेटीत बंद करायचे आणि पेटी फ्रीझरमध्ये. वाट पाहायची. या कामाचा निम्मा भाग वाट पाहण्याचाच आहे.

मग अंधारखोली. लाल दिवा, व्हिनेगरसारखा आंबट वास, फिल्मवरून निथळणारे थेंब. दोन फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी ठेवा. शेकडो काळे ठिपके, दोन्हीकडे सारखेच. डोळे चुरचुरतात. रांगेने जा, घाई नको. इथे सारखा, इथे सारखा, इथेही सारखा… आणि हा? डावीकडे काळा, उजवीकडे फिका. पहिल्यांदा धूळ वाटते. प्रयोग पुन्हा करायचा. पुन्हा तोच. असा सापडला तो तेविसावा नमुना. ‘न पसरणाऱ्यां’ची इंग्रजी आद्याक्षरं पुढे लावून नाव पडलं एनएम२३. न पसरणाऱ्या पेशींत त्याचा संदेश दहापट होता. निबंध १९८८ मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी कळलं की फळमाशीत याचं सख्खं भावंड आहे आणि ते बिघडलं तर माशीचे पंख नीट घडत नाहीत. म्हणजे हे जनुक काही कॅन्सरसाठी जन्मलेलं नाही. शरीर घडवताना पेशींनी आपली जागा धरून राहावं, या जुन्या शिस्तीशी त्याचं नातं असावं. १९९१ मध्ये तेच जनुक भरपूर पसरणाऱ्या पेशींत घालून पाहिलं आणि पेशींची वाढ न मंदावताही उंदरांमधलं पसरणं घटलं.

त्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये असतात तर तुम्हालाही वाटलं असतं की आता झालं. सी अक्षराची वाट कशाला पाहायची? गाठीतला एनएम२३ मोजा आणि रुग्णाला सांगा.

पोटाचे कॅन्सर इतके भाबडे निघाले नाहीत. १९९१ सालीच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल दोन गोष्टी छापून आल्या. एकीत हे जनुक ज्या गाठींतून हरवलं होतं त्यांचा कॅन्सर दूरच्या अवयवांत जास्त पोचलेला दिसला. दुसरीत आतड्याच्या गाठींमध्ये एनएम२३ चा संदेश शेजारच्या निरोगी अस्तरापेक्षा वाढलेला दिसला, आणि पसरण्याशी त्याचा मेळ बसेना. दोन्ही प्रामाणिक कामं होती. एकाने डीएनए पाहिला होता, दुसऱ्याने त्यातून निघणारा संदेश. ही विसंगती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची घडी वाटते. इथे कुणीतरी सोयीचं तेवढं उचलून रुग्णांना भविष्य वाटायला सुरुवात केली असती तर?

जाताना एका गावात क्षणभर उतरू, फक्त वासासाठी. पेनसिल्व्हेनियातलं हर्शी. खिडकी खाली करा. सबंध गावाला भाजलेल्या कोकोचा वास येतोय. मुख्य रस्त्याचं नाव चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू आणि दिव्यांच्या खांबांवर चॉकलेटच्या आकाराचे दिवे. चॉकलेटच्या पैशातूनच इथलं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. तिथे डॅनी वेल्चच्या गटाने माणसाच्या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींत एक अख्खं सहावं गुणसूत्र घातलं. उंदरांत गाठी पूर्वीसारख्याच वाढल्या, आणि पसरल्या नाहीत. त्यातून १९९६ मध्ये हाती आलेल्या जनुकाला गावाच्या प्रसिद्ध चॉकलेटवरून किस१ म्हणतात. गंमत अशी की ते स्वतः सहाव्या गुणसूत्रावर नाहीच, पहिल्यावर आहे. सहाव्यावरचं काहीतरी त्याला जागं करतं. पुढे हेही उलगडलं की मुलं वयात येण्याची कळ दाबणारं रसायन याच जनुकातून तयार होतं. एक तुकडा हवा तर खा. आता शेवटचा प्रवास.

जपान, २००० नंतरची पहिली काही वर्षं. संध्याकाळ. जठराचा कॅन्सर इथे इतका आढळतो की त्याच्या शस्त्रक्रियेची कला या देशाने टोकाला नेली आहे. ऑपरेशन संपलंय, पण तरुण सर्जन घरी गेलेले नाहीत. स्टीलच्या टेबलाभोवती ते वाकून उभे आहेत, कात्र्यांची बारीक कटकट चालू आहे. जठराभोवतीच्या चरबीतल्या लसिकाग्रंथी ते स्वतः वेचताहेत. इथे ग्रंथींच्या प्रत्येक जागेला क्रमांक आहे आणि प्रत्येक क्रमांकाची वेगळी डबी. ड्यूक्सच्या खोलीतला तो गार, निसरडा स्पर्श बोटांना लगेच ओळखू येईल. कुणीतरी हळू आवाजात क्रमांक सांगतं, कुणी लिहून घेतं. पोटात भूक आहे, पाय भरून आलेत, आणि तरी कुणी एक डबी चुकवत नाही.

शेजारच्या खोलीत मेणाचे ठोकळे आहेत. कपाटामागून कपाट, खणामागून खण. प्रत्येक ठोकळ्यात एका माणसाच्या गाठीचा नखाएवढा तुकडा. मेण वितळल्याचा मंद वास आणि झायलीनचा डोकं धरणारा. मायक्रोटोमवर ठोकळ्यातून केसापेक्षाही पातळ पापुद्रा निघतो, कोमट पाण्यावर पसरतो, काचेवर उचलला जातो. मग त्यावर प्रतिपिंड टाकतात, जे फक्त हवं ते प्रथिनच धरतं, आणि शेवटी रंग. जिथे प्रथिन आहे तिथे तपकिरी. नाही तिथे निळसर.

बसा. दोन जणांना एकदम पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक आहे, समोर अनुभवी पॅथॉलॉजिस्ट. काचेवरच्या रुग्णाचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, तो जगला की गेला तेही नाही; मुद्दाम सांगितलेलं नाही. गाठीच्या पेशींपैकी किती तपकिरी आहेत? तुम्ही मनाशी चाळीस टक्के म्हणता. समोरून आवाज येतो, साठ. पुन्हा पाहा. फिकट तपकिरीला होय म्हणायचं की नाही? गाठीच्या कडेला रंग आहे आणि मधोमध नाही, मग काय लिहायचं? चाळीस आणि साठच्या मध्ये ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ यांची रेघ मारली असेल, तर एका माणसाचं भविष्य तुमच्या दोघांच्या वादावर ठरणार.

अशा कष्टांतून उत्तरं आली. जठराच्या कॅन्सरमध्ये किस१ कमी असलेल्यांचा आजार जास्त खोल गेला आणि ते कमी जगले, असं २००४ मध्ये जपानमधूनच छापून आलं. अन्ननलिकेतही त्याचं हरवणं ग्रंथींत पसरण्याशी जोडलेलं दिसलं. आणि यकृताच्या कॅन्सरमध्ये नेमकं उलट: तिथे ते जास्त असणाऱ्यांची गत वाईट. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये काय१ नावाचं, पसरणं रोखणारं आणखी एक जनुक सुरुवातीच्या गाठींत वाढलेलं आणि दूर पसरलेल्या पेशींत ओसरलेलं आढळलं. म्हणजे कोणत्या अवयवात आणि कोणत्या वेळी मोजलं, यावर खुणेचा अर्थ फिरतो. त्यामुळे आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या अहवालात डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची ओळ असते, केरास जनुकाची असते, जठराच्या अहवालात हर२ प्रथिनाची असते. एनएम२३ ची किंवा किस१ ची नसते. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या हातांनी मोजून तेच उत्तर आल्याशिवाय ती येऊ नये, यावर मी ठाम आहे. पलंगावरचा माणूस ‘परत होईल का?’ असं विचारतो तेव्हा त्याला अंदाज देणं म्हणजे त्याच्या उरलेल्या वर्षांत हात घालणं असतं.

आणि नुसता अंदाज देऊन भागत नाही. हरवलेली वाटणारी ही जनुकं पुष्कळ गाठींमध्ये शाबूत असतात, फक्त मिटलेली असतात. स्टीगच्या गटाने एका जुन्या संप्रेरक औषधाने प्रयोगशाळेतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींत एनएम२३ पुन्हा जागं करून दाखवलं, आणि पुढे त्या औषधाची रुग्णांमध्ये चाचणीही झाली. फार मोठं यश आलं नाही. पण मिटलेलं उघडता येतं हे एकदा दिसल्यावर आतड्याच्या आणि जठराच्या गाठींमध्ये नक्की काय मिटलंय, ते मोजायला दुप्पट कारण मिळालं.

म्हणून उठू नका इतक्यात. खांदे सैल करा, डोळे दोनदा मिचकवा. समोरचे डॉक्टर तुमच्यासाठी चहा ओततायत, साखर न घातलेला, हिरवा, जरा कडू. प्या. तपकिरी ते निळसर, कडा आणि मधला भाग वेगवेगळा मोजायचा, फिकट असेल तर तसं लिहायचं, आणि मतं जुळली नाहीत तर दोन्ही आकडे नोंदवायचे. ट्रेमध्ये अजून साठ काचा आहेत. पुढची घ्या.